मैदानाबाहेरचा सेनानी : कर्नल हेमू अधिकारी

क्रिकेटच्या सामन्याचा धावफलक आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्यात फलंदाजाचे नाव असते, त्यास बाद करणाऱ्याचे असते, झेल घेणाऱ्याचेही असते. बदली खेळाडूने क्षणभर मैदानावर येऊन झेल टिपला, तर त्याचीही नोंद होते. मात्र संघाच्या व्यवस्थापकास, म्हणजे आपण ज्याला सरसकट मॅनेजर म्हणतो त्यास, त्या कोष्टकात जागा नाही. आज ज्या गृहस्थांविषयी मी बोलणार आहे, त्यांचे नाव एकवीस कसोटी सामन्यांच्या कोष्टकांत सापडते. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य ज्या सामन्यात फळास आले, त्याच्या कोष्टकात ते नाव नाही. हे गृहस्थ म्हणजे लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र अधिकारी. क्रिकेटच्या जगात ते हेमू अधिकारी ह्या नावानेच ओळखले जात.

मॅनेजर हे पद प्रथम रुजले ते इंग्लंडातील फुटबॉलमध्ये. हर्बर्ट चॅपमन ह्यांचे उदाहरण तेथे नेहमी देतात. खेळाडू म्हणून चॅपमन सामान्यच होते. ह्या क्लबातून त्या क्लबात खेळत त्यांनी उमेदीची वर्षे घालविली. केवळ तेवढ्यावर त्यांचे नाव आज कोणी घेतले नसते. १९०७ साली ते नॉर्थॅम्प्टन टाउन संघाचे मॅनेजर झाले आणि त्यांचे खरे आयुष्य तेथून सुरू झाले. पुढे हडर्सफील्ड टाउन संघास त्यांनी १९२३-२४ व १९२४-२५ अशी लागोपाठ दोन वर्षे लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले. मग आर्सेनलकडे जाऊन तेथे १९३० साली एफ. ए. कप आणि १९३०-३१ व १९३२-३३ साली लीग जिंकली. १९३४ च्या जानेवारीत न्यूमोनियाने ते वारले. कोणी कोठे उभे राहावे, कोणास घ्यावे, कोणास वगळावे, सराव कसा करावा, हे सारे त्यांच्या शब्दावर चाले. फुटबॉलचा मॅनेजर म्हणजे संघाचा मेंदूच, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली.

क्रिकेटचा संप्रदाय निराळा. तेथे राज्य कर्णधाराचे. परदेशी जाणाऱ्या आपल्या संघाबरोबर मॅनेजर जात असे खरा, परंतु त्याची कामे कोणती? तिकिटे काढणे, हॉटेलांची सोय पाहणे, खेळाडूंचा दैनिक भत्ता वाटणे आणि मेजवानीत यजमानांचे आभार मानणे. आपल्या वऱ्हाडात लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर जानवशाची व्यवस्था पाहणारा एक वडीलधारा माणूस असतो, तसाच हा प्रकार. त्याने नवऱ्या मुलास संसार कसा करावा हे शिकवावे, अशी कोणाची अपेक्षा नसते! ह्या जानवशाच्या कारभाऱ्याचे रूपांतर शिक्षकात करणाऱ्या पहिल्या काही माणसांत अधिकारी ह्यांची गणना केली पाहिजे.

त्यांचा जन्म पुण्याचा, ३१ जुलै १९१९ चा. रणजी करंडकाच्या स्पर्धेत ते आरंभी गुजरातकडून व मग बडोद्याकडून खेळले. बडोद्याचा तो काळ वैभवाचा होता. विजय हजारे आणि गुल महंमद ह्यांनी १९४६-४७ सालच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भागीदारी केली, ती ह्याच बडोद्याकडून. अशा मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणाऱ्याकडे लोकांचे लक्ष सहसा जात नाही. शिवाय अधिकारी सैन्यात दाखल झाले. बंदूक आधी आणि बॅट मागाहून, असा तेथील शिरस्ता. कसोटी सामन्यांत त्यांचा प्रवेश १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात झाला, तेव्हा त्यांना अठ्ठावीस वर्षे पूर्ण झालेली होती. महायुद्धाच्या वर्षांनी त्या पिढीतील कित्येकांची ऐन उमेद अशीच खाऊन टाकली.

एकवीस कसोट्या, ८७२ धावा, सरासरी ३१ च्या आसपास, शतक एकच. हे आकडे पाहून कोणी म्हणेल, यात विशेष ते काय? परंतु ह्या धावा केव्हा झाल्या हे पाहिले म्हणजे मत बदलते. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथे हजारे ह्यांनी ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली. दुसऱ्या डावात भारताचे गडी एकामागून एक परतत असताना त्यांच्या जोडीस खंबीरपणे उभे राहिले ते अधिकारी; त्यांनी ५१ धावा केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीस स्वतंत्र भारतातील पहिला कसोटी सामना झाला. वेस्ट इंडीजने ६३१ धावांचा डोंगर रचला. भारताच्या ४५४ धावांत अधिकारी ह्यांच्या नाबाद ११४ होत्या. हेच त्यांचे एकुलते एक शतक. तरीही फॉलोऑन टळला नाही, तेव्हा दुसऱ्या डावातही ते अखेरपर्यंत नाबाद राहिले व सामना वाचला.

आणखी एक प्रसंग. १९५२ च्या ऑक्टोबरात पाकिस्तानचा संघ आपल्या आयुष्यातील पहिला कसोटी सामना दिल्लीस खेळला. तो सामना विनू मंकड ह्यांच्या तेरा बळींसाठी लोकांच्या स्मरणात आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याआधी भारताचे नऊ गडी बाद झाले असताना गुलाम अहमद हा गोलंदाज फलंदाजीस आला आणि त्याला हाताशी धरून अधिकारी ह्यांनी शेवटच्या जोडीसाठी १०९ धावा जोडल्या. गुलाम अहमद ५०, अधिकारी नाबाद ८१. भारताचा हा दहाव्या जोडीचा विक्रम ५२ वर्षे टिकला. २००४ साली ढाक्यास सचिन तेंडुलकर आणि झहीर खान ह्यांनी तो मोडला. स्वतः शतकापाशी न पोहोचता दुसऱ्याकडून पन्नास धावा करवून घेणे, हा ह्या माणसाचा पिंडच होता. पुढचा मॅनेजर येथे आपणांस प्रथम दिसतो.

मैदानावर ते कव्हरच्या जागी उभे राहत आणि त्या जागी त्यांच्यासारखा चपळ खेळाडू त्यावेळी आपल्याकडे क्वचितच असेल. ही गोष्ट लहान समजू नये. त्या काळी आपल्याकडे फलंदाजी ही कला मानली जाई, गोलंदाजी हे कष्टाचे काम, आणि क्षेत्ररक्षण म्हणजे दोन डावांमधील सक्तीची उभे राहण्याची शिक्षा! मंकड, सुभाष गुप्ते, गुलाम अहमद असे एकाहून एक फिरकी गोलंदाज आपल्याकडे होते. फिरकीवर फलंदाज त्रिफळाचीत होतो त्याहून अधिक वेळा झेल देतो, आणि तो झेल बॅटीपासून दोन-चार हातांवर, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच येऊन जातो. तो घेणारा नसेल तर गोलंदाजाची विद्या वाया जाते. अशा सुटलेल्या झेलांची हळहळ जुन्या रसिकांच्या तोंडून पुष्कळ वर्षे ऐकू येत असे.

१९५२ च्या जुलैत मँचेस्टर येथे भारताचा संघ एकाच दिवसात दोनदा सर्वबाद झाला, ५८ आणि ८२. फ्रेड ट्रूमनने पहिल्या डावात ३१ धावांत आठ बळी घेतले. त्या अकरा जणांत अधिकारी होते. इंग्लंडच्या भूमीवर भारतीय खेळाडूची काय दशा होते, ही गोष्ट त्यांना पुस्तकात वाचावी लागली नाही.

कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले ते एकदाच, आणि तेही घराला आग लागल्यावर पाणक्यास हाक मारावी तसे. १९५८-५९ साली वेस्ट इंडीजच्या वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट ह्या वेगवान गोलंदाजांनी आपल्या संघाची दाणादाण उडविली. मुंबईस पॉली उम्रीगर कर्णधार होते, कानपूर व कलकत्त्यास गुलाम अहमद. मद्रासच्या सामन्यासाठी पुन्हा उम्रीगर नेमले गेले, पण संघनिवडीच्या वादातून ऐन सामन्याच्या तोंडावर त्यांनी ते पद सोडले, आणि नाणेफेकीस विनू मंकड गेले. लागोपाठ तीन पराभव झाले. मग दिल्लीच्या शेवटच्या सामन्यासाठी चौथा कर्णधार म्हणून एकोणचाळीस वर्षांच्या ह्या सेनाधिकाऱ्यास पाचारण झाले. त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या. स्वतः लेगब्रेक टाकून तीन बळी घेतले. साऱ्या कसोटी कारकिर्दीत त्यांना मिळालेले बळी एवढेच. चंदू बोर्डे ह्यांनी १०९ आणि ९६ धावा काढल्या आणि सामना अनिर्णित राहिला. त्यानंतर इंग्लंडला जाणाऱ्या संघाचे कर्णधारपद दत्ताजीराव गायकवाड ह्यांच्याकडे गेले. अधिकारी पुन्हा कसोटी सामना खेळले नाहीत. निवड समितीच्या ह्या वर्तनाविषयी मला जे वाटते ते नभोवाणीवरून बोलण्याजोगे नाही, असो.

तथापि कर्णधार म्हणून त्यांची खरी परीक्षा त्याआधीच झाली होती. सेनादलाचा संघ त्यांच्या नेतृत्वाखाली १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. एकदा मुंबईकडून हरला, एकदा बडोद्याकडून. त्या संघात नामांकित खेळाडू फारसे नव्हते. शरीर कमावलेले, आज्ञा पाळणारे, धावण्यास न कंटाळणारे जवान मात्र होते. मधल्या प्रतीच्या खेळाडूंस घेऊन उत्तम प्रतीच्या संघांशी झुंजता येते, हा धडा त्यांना तेथे मिळाला असला पाहिजे.

आता १९७१ साल. अजित वाडेकर ह्यांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली होती आणि तोच संघ थोड्या फरकाने इंग्लंडला निघाला. मॅनेजर म्हणून कर्नल अधिकारी बरोबर गेले. १९३२ पासून तोवर भारत इंग्लंडमध्ये एकोणीस कसोट्या खेळला होता; पंधरा हरला, चार अनिर्णित राहिल्या, जिंकला एकही नव्हता. शरीराची तंदुरुस्ती आणि क्षेत्ररक्षण ह्या दोन गोष्टींवर कर्नलसाहेबांचा कटाक्ष होता. फलंदाजी त्यांनी कोणास शिकविली नाही. दिलीप सरदेसाई किंवा सुनील गावसकर ह्यांस ती शिकविण्याची गरजही नव्हती. बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन ह्यांच्या बोटांतील जादू त्यांची नव्हे. परंतु चेंडू बॅटीची कड घेऊन उडाला म्हणजे त्याच्याखाली हात असला पाहिजे, एवढे पाहणे सरावाने साधते, आणि सराव करून घेणे हे शिस्तीचे काम.

ते हात एकनाथ सोलकर ह्यांचे होते. मुंबईच्या हिंदु जिमखान्यावर मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा हा मुलगा. शॉर्ट लेगला, फलंदाजापासून दोन पावलांवर, डोक्यास शिरस्त्राण नाही की काही नाही, असा तो उभा राही. सत्तावीस कसोट्यांत ५३ झेल हा त्याचा हिशेब आजही जाणकारांस थक्क करतो.

लॉर्ड्सच्या सामन्यात भारतास जिंकण्यास १८३ धावा हव्या होत्या. आठ बाद १४५ झालेल्या असताना पाऊस आला. मँचेस्टरचा सामनाही पावसात बुडाला, आणि तेथे पाऊस आपल्या पथ्यावर पडला असेच म्हटले पाहिजे. मग ओव्हल. इंग्लंड ३५५, भारत २८४. इंग्लंड एकाहत्तर धावांनी पुढे. दुसऱ्या डावात भागवत चंद्रशेखर ह्यांनी ३८ धावांत सहा बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव १०१ धावांत संपला. ह्या डावाचे कोष्टक मी अनेकदा वाचले आहे. फ्लेचर झेल सोलकर, शून्य. पहिल्या डावात नव्वद धावा काढणारा ॲलन नॉट झेल सोलकर, एक; हा झेल सोलकरने पुढे झेपावून, जमिनीवर पालथे पडून घेतला. आणि डॉलिव्हेरा, झेल बदली खेळाडू. हा बदली खेळाडू म्हणजे जयंतीलाल. त्या सामन्यात त्याला बॅट हातात धरावयाची नव्हती, चेंडू टाकावयाचा नव्हता. तंबूत बसून राहण्यापलीकडे त्याला काम नव्हते. असा माणूस मैदानावर येतो आणि आलेला झेल सोडत नाही. मॅनेजरचे नाव जर धावफलकात कोठे शोधावयाचे असेल, तर ते मी ह्या ओळीत शोधतो.

१७३ धावांचे लक्ष्य होते. शेवटच्या सकाळी वाडेकर आरंभीच ४५ धावांवर धावबाद झाले. सरदेसाई, विश्वनाथ, इंजिनिअर ह्यांनी धीर सोडला नाही, आणि अबिद अली ह्यांनी चौकार मारून सामना संपविला. सहा बाद १७४. दिवस होता २४ ऑगस्टचा, गणेशचतुर्थीचा. प्रेक्षकांनी बेला नावाची एक हत्तीण मैदानावर आणून फिरविली होती. इकडे आपल्याकडे सायंकाळ झाली होती आणि ज्या घरांत गणपती बसला होता, तेथे आरतीच्या वेळी रेडिओ बंद करावा की न करावा, ह्यावरून वडीलधाऱ्यांशी वाद झाल्याच्या कथा पुष्कळांनी ऐकल्या असतील.

गौरव वाडेकर व चंद्रशेखर ह्यांचा झाला, तो रास्तच. इंदूरच्या रसिकांनी तर त्या विजयाचे स्मारक म्हणून काँक्रीटची एक प्रचंड बॅट उभारली.

तीन वर्षांनी, १९७४ साली, पुन्हा इंग्लंड, पुन्हा वाडेकर कर्णधार, पुन्हा अधिकारी मॅनेजर. खेळाडूही बहुतेक तेच. तिन्ही कसोट्या हरल्या. लॉर्ड्सवर २४ जून रोजी दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला. चंद्रशेखर दुखापतीमुळे फलंदाजीस येऊ शकले नाहीत. सोलकर एकटे अठरांवर नाबाद. इंदूरच्या त्या बॅटीला लोकांनी डांबर फासले. वाडेकर ह्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले, आणि त्यांनी खेळातून निवृत्ती पत्करली.

आता प्रश्न असा की १९७१ च्या यशात मॅनेजरचा वाटा धरावयाचा, तर १९७४ च्या अपयशात तो धरावयाचा की नाही? आम्हा शाळामास्तरांना हा प्रश्न परिचयाचा आहे. मुलगा पहिला आला तर मुलगा हुशार, नापास झाला तर मास्तर कुचकामी! माझे मत विचाराल तर असे की दोन्हींत धरावा, पण सारख्या मापाने नव्हे. शिस्तीने झेल पकडता येतात, दमसास वाढतो, तंबूतला राखीव गडी जागा राहतो. परंतु ढगाळ हवेत, ओलसर खेळपट्टीवर, अरनॉल्ड आणि ओल्ड ह्यांच्यासारख्यांचा चेंडू हवेत वळू लागला म्हणजे फलंदाज एकटा असतो. तेथे कवायत उपयोगी पडत नाही. त्या दौऱ्यात संघात मनोमालिन्य होते, मैदानाबाहेरच्या प्रकरणांचा मनस्ताप होता, आणि सैन्याची शिस्त बावीस यार्डांच्या आत जितकी चालते तितकी माणसांच्या मनात चालत नाही, हेही उघड झाले. ही त्यांच्या पद्धतीची मर्यादा होती व ती मान्य केल्याने त्यांचे मोठेपण उणावत नाही.

पुढे त्यांनी देशातील होतकरू तरुणांची शिबिरे घेतली. कपिल देव, रवी शास्त्री ह्यांच्यासारखे खेळाडू घडण्याच्या वयात त्यांच्या नजरेखालून गेले. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईस वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते निवर्तले. त्याआधी एक गोष्ट त्यांना पाहावयास मिळाली. ज्या वाडेकरांना १९७४ साली घरी बसविले गेले, तेच १९९० नंतरच्या वर्षांत भारतीय संघाचे मॅनेजर झाले आणि १९९३ साली इंग्लंडला आपल्या भूमीवर तीनही कसोट्यांत हरविणाऱ्या संघाबरोबर राहिले. तोवर हे पद जानवशाचे राहिलेले नव्हते.

वऱ्हाडच्या श्रोत्यांना ही कथा परकी वाटू नये. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकासाठी स्वतंत्रपणे खेळू लागला. साठ वर्षे गेली. अंतिम सामन्याचे दर्शन नाही. आपल्याकडे कापूस पिकतो, क्रिकेट पिकत नाही, असे पुण्या-मुंबईकडील लोक थट्टेने म्हणत आणि आपणही ते मुकाट्याने ऐकून घेत असू. २०१७ साली चंद्रकांत पंडित हे मुंबईचे जुने यष्टिरक्षक आपले प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून पाच कसोट्या, छत्तीस एकदिवसीय सामने. हेही मोठ्या झाडांच्या सावलीतलेच. १९९८-९९ साली मध्य प्रदेशचे कर्णधार असताना बंगळूरच्या मैदानावर रणजीचा अंतिम सामना ते हरले होते. ह्यांची शिस्तही कर्नलसाहेबांच्याच जातीची, कडक; सर्वांस रुचणारी नव्हे.

त्या मोसमात विदर्भाने उपांत्य सामन्यात कर्नाटकास अवघ्या पाच धावांनी हरविले. अंतिम सामना दिल्लीशी, आणि तो इंदूरला, होळकरांच्या नावाच्या मैदानावर. उमेश यादव उपलब्ध नव्हते. तेव्हा अकोल्याचा एकोणीस वर्षांचा आदित्य ठाकरे ह्यास संघात घेतले. प्रथम श्रेणीचा एकही सामना न खेळलेल्या मुलास थेट अंतिम सामन्यात उतरविणे, हे धाडसच. त्याने पहिल्या डावात दोन बळी घेतले. रजनीश गुरबाणी ह्याने त्याच डावात लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी टिपले, अक्षय वाडकर ह्याने शतक काढले, आणि १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजल ह्यांच्या संघाने नऊ गडी राखून करंडक जिंकला. पुढल्या वर्षी नागपुरास सौराष्ट्राला हरवून तो राखला. पंडित मग मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ च्या जूनमध्ये, जेथे तेवीस वर्षांपूर्वी हरले होते त्याच बंगळूरच्या मैदानावर, मुंबईला हरवून त्यांनी त्या प्रांतास पहिले अजिंक्यपद मिळवून दिले.

पंडित गेल्यावर विदर्भाचे काय होणार, अशी चिंता आपल्याकडे बऱ्याच जणांस होती. २०२५ च्या मार्चमध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक घेतला. कर्णधार होता अक्षय वाडकर, आणि प्रशिक्षक उस्मान गनी. हे विदर्भाचेच जुने खेळाडू.